चुकलेला वार

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की मुलांच्या दप्तरांत पाठ्यपुस्तकांबरोबर एक निराळी वही दिसू लागते. तिच्यावर कोणत्याही विषयाचे नाव नसते. कोणी तीत रोज घातलेले सूर्यनमस्कार मांडतो, कोणी वाचून झालेली पाने, कोणी तळीत मारलेल्या फेऱ्या, कोणी डब्यात टाकलेली नाणी. वर्षाअखेर अमुक इतके व्हावयाचेच, असा संकल्प पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतो आणि पुढे रकाने आखलेले असतात. या वह्यांविषयी वडील मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की हा पोरखेळ आहे. ज्याला करावयाचे तो मांडत बसत नाही. दुसरा पक्ष इतका उत्साही, की या वह्या शाळेने तपासाव्यात आणि त्यांस गुण द्यावेत, अशी सूचना दर दोन-तीन वर्षांनी शिक्षकांच्या खोलीत निघतेच. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. ते का, हे सांगण्यापूर्वी जगातील एका प्रसिद्ध हिशेबवहीची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण तिच्यात जी गंमत झाली ती मुलांच्या वह्यांतही होते, फक्त तिच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८७२ साली एका वर्तमानपत्रातून क्रमशः प्रसिद्ध केलेल्या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग हा आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. लंडनच्या रिफॉर्म क्लबातील मित्रांशी त्याने २०,००० पौंडांची पैज लावली, की ऐंशी दिवसांत आपण पृथ्वीची प्रदक्षिणा करून परत येऊ. २ ऑक्टोबर १८७२, बुधवार, रात्री पावणेनऊ वाजता तो निघाला. २१ डिसेंबर, शनिवार, रात्री पावणेनऊला त्याने क्लबात हजर व्हावे, असे ठरले. हा गृहस्थ म्हणजे चालतेबोलते घड्याळ. त्याच्याजवळ एक टिपणवही होती. तीत प्रत्येक मुक्कामी पोहोचण्याची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष पोहोचल्याची तारीख, आणि मिळालेला किंवा गमावलेला वेळ, असे सगळे टिपलेले. मुंबईस तो २० ऑक्टोबरला उतरला. ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. ते दोन दिवस त्याने जमेस धरले. कलकत्त्यास पोहोचेपर्यंत ते खर्ची पडले, तेही त्याने तितक्याच थंडपणे लिहिले. आगगाड्या, बोटी, हत्ती, बर्फावरून चालणारी शिडाची गाडी, असे सर्व करून तो लंडनला पोहोचला तेव्हा स्टेशनच्या घड्याळात नऊला दहा मिनिटे कमी होती. पाच मिनिटांनी पैज हरली! फॉग घरी गेला, दार लावून बसला, आणि दुसरा सबंध दिवस त्याने सर्वस्व गेलेल्या माणसाच्या शांतपणाने काढला.

पुढे काय झाले ते वाचकांस ठाऊक आहेच. फॉगने वाटेत जिचे प्राण वाचवले ती आऊदा त्याच्याशी लग्न करण्यास तयार झाली. उद्या सोमवार, उद्याच लग्न उरकू, म्हणून त्याचा नोकर पासपार्तू पाद्रीसाहेबांस वर्दी देण्यास धावला. पाद्रीसाहेब म्हणाले, उद्या कसे जमेल, उद्या तर रविवार. म्हणजे आज रविवार नव्हे, शनिवार! म्हणजे आजच २१ डिसेंबर! पासपार्तू धापा टाकीत घरी आला तेव्हा दहा मिनिटे उरली होती. फॉग क्लबात शिरला आणि पैज जिंकली.

आमचा विषय मराठी आणि इतिहास. गणिताशी आमचा संबंध शेजाऱ्यासारखा, नमस्कार-चमत्काराचा. तरीही ही चूक कशी झाली हे समजण्यास फारसे गणित लागत नाही. पृथ्वी ३६० अंश फिरते तेव्हा चोवीस तास होतात. म्हणजे एका अंशास चार मिनिटे. आपल्या घड्याळांची वेळ ८२ अंश ३० कला या पूर्व रेखांशावरची आहे. पणजी त्याच्या पश्चिमेस, ७४ अंशांच्या थोडी अलीकडे. म्हणून घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा पणजीचा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. सरासरीने त्याला आणखी सुमारे ३५ मिनिटे हवी असतात. आता पूर्वेकडे चालणारा मनुष्य सूर्यास सामोरा जातो. दर अंशास त्याची दुपार चार मिनिटे लवकर होते आणि तो गावोगाव आपले घड्याळ पुढे करीत जातो. ३६० अंश झाले की ३६० गुणिले ४, म्हणजे १,४४० मिनिटे, म्हणजेच एक पुरा दिवस त्याच्या पदरी पडतो. फॉगने सूर्य माथ्यावरून जाताना ऐंशी वेळा पाहिला. क्लबात पत्ते खेळणाऱ्या त्याच्या मित्रांनी एकोणऐंशी वेळा. वहीतील एकही नोंद खोटी नव्हती. चुकला होता तो वार.

या कादंबरीतील आमचे आवडते पात्र मात्र पासपार्तूचे घड्याळ हे आहे. ते त्याच्या घराण्यात चालत आलेले. वाटेत भेटणाऱ्यांनी कितीही सांगितले तरी त्याने त्याचे काटे हलविले नाहीत. ते लंडनचीच वेळ दाखवीत राहिले. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर बोटीच्या घड्याळाशी त्याचा मेळ बसला तेव्हा तर, सूर्यच अखेर माझ्या घड्याळाबरोबर आला, म्हणून त्याला कोण आनंद झाला! बोटीवर सकाळचे नऊ, आणि त्याच्या घड्याळात रात्रीचे नऊ. पण तबकडीवर बाराच आकडे, तेव्हा हे त्याला कळावे कसे? घरातील सगळी घड्याळे चुकली, माझेच बरोबर, असे म्हणणारा एक तरी आजोबा प्रत्येक घरी असतो. या वेळी तो खरोखरच बरोबर होता, आणि तरीही त्याचा उपयोग झाला नाही.

हा धडा वर्गात वाचून दाखविला तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर त्याने वर्तमानपत्र पाहिले नाही काय? न्यूयॉर्कला तर बोट सुटण्याची तारीख ठरलेली होती. तेथे आपण एक दिवस आधी आलो, हे त्याला कसे कळले नाही?" प्रश्न बिनतोड आहे. कळावयास हवे होते. न्यूयॉर्कची बोट पंचेचाळीस मिनिटांनी चुकली, असे व्हर्न सांगतो. खऱ्या तारखेप्रमाणे ती धक्क्याला उभी असावयास हवी. लेखकास आपला शेवट साधावयाचा होता, एवढेच याचे उत्तर. पण आमच्या मते यात फॉगच्या स्वभावाचाही भाग आहे. इतकी मिनिटा-मिनिटाची वही ठेवणारा हा गृहस्थ ऐंशी दिवसांत कोणा एका माणसास "आज वार कोणता हो?" असे विचारीत नाही. ज्याची वही इतकी नेटकी, तो कशाला विचारील?

कादंबरीत जे घडले ते प्रत्यक्षातही घडून गेले होते, उलट दिशेने आणि साडेतीनशे वर्षे आधी. २० सप्टेंबर १५१९ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावरून मागेलानची पाच जहाजे पश्चिमेकडे निघाली. मागेलान हा जन्माने पोर्तुगीज. १५०५ साली आल्मेदाच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानात येऊन गेलेला. या सफरीत मात्र तो स्पेनच्या राजाच्या चाकरीत होता, आणि २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समधील मक्तान बेटावर मारला गेला. त्याच्याबरोबर आंतोनिओ पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता. हा रोजच्या रोज रोजनिशी लिही. जुलै १५२२ मध्ये उरलेसुरले एकच जहाज, ‘व्हिक्टोरिया’, केप व्हर्द बेटांपाशी आले. बेटे पोर्तुगिजांची, म्हणजे शत्रूची. पण खलाशी उपाशी, तेव्हा तांदूळ आणण्यास होडी पाठविली. होडीतल्यांस बजावले होते की आज वार कोणता हेही विचारून या. उत्तर आले, गुरुवार. जहाजावर होता बुधवार.

पिगाफेत्ता चक्रावला. आजारपणाने त्याचा एकही दिवस गळला नव्हता. जहाजावरील माणसेही तेच म्हणत होती. त्यांचा वार चुकला म्हणजे नुसता आकडा चुकला नव्हता. त्यांचे उपासाचे शुक्रवार आणि प्रार्थनेचे रविवारही एकेका दिवसाने चुकले होते, आणि श्रद्धाळू माणसास ही लहान गोष्ट नव्हे. ६ सप्टेंबर १५२२ रोजी अठरा जण स्पेनला परत पोहोचले. पुढे व्हेनिसचा वकील कोंतारिनी याने याचा उलगडा केला: सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे जात पृथ्वीला वळसा घातला तर एक दिवस कमी मोजला जाणारच.

फॉग आणि पिगाफेत्ता यांच्यात आम्ही पिगाफेत्ताला वरचा मान देतो. दोघांच्याही वह्या सारख्याच प्रामाणिक, दोघेही एकेका दिवसाने चुकलेले. पण एकाकडे किनाऱ्यावर जाऊन वार विचारण्याची नम्रता होती. दुसऱ्याला पाद्रीसाहेबांनी योगायोगाने वाचविले. आणि एक गोष्ट विसरू नये. फॉगची चूक त्याच्या फायद्याची निघाली, म्हणून आपण हसतो. तोच पश्चिमेकडून गेला असता तर आणखी एक दिवस हाती आहे असे समजून तो रविवारी रात्री ऐटीत क्लबात गेला असता, आणि कादंबरीचा नायक न होता थट्टेचा विषय झाला असता.

मुलांच्या वह्यांत बहुधा हा दुसरा प्रकार असतो. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीने परीक्षेपूर्वीच्या दहा आठवड्यांत रोज सरासरी चार तास अभ्यास करण्याचा संकल्प केला होता. शाळेच्या दिवशी तीन तास आणि रविवारी पाच. तिने हिशेब केला: तीन आणि पाच आठ, भागिले दोन, सरासरी चार. हे वेळापत्रक तिने एक दिवसही मोडले नाही. वहीत दर आठवड्याच्या शेवटी हिरव्या शाईने ‘सरासरी ४’ लिहिलेले आहे. नवव्या आठवड्यात ती हे घरी मोठ्याने वाचून दाखवीत होती. आजी कोपऱ्यात जप करीत होती. जपमाळ थांबवून आजी म्हणाली, "आयतार एकूच न्हय गे बाये?" रविवार एकच ना ग?

आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पण सहा दिवसांच्या तागडीत एका रविवाराचे वजन सारखे कसे धरले, हे तिला पटेना. आणि आजीचेच बरोबर होते. सहा दिवसांचे अठरा तास आणि रविवारचे पाच मिळून तेवीस. त्यांस सातांनी भागावयाचे. सव्वातीनच्या थोडे वर. दहा आठवड्यांत २८० तास व्हावयाचे ते २३० होणार, पन्नास तासांची तूट!

मुलगी रडली. एवढी मेहनत करून संकल्प मोडला, म्हणून वही फाडावयास निघाली. तिच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान आहे. त्यांनी तिला आपला रोजमेळ दाखविला. व्यापारी वहीतून पान फाडीत नाही, खोडरबरही लावीत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारतो, ती अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि त्या दिवशीच्या तारखेस दुरुस्तीची नोंद करतो. मुलीने तसे केले. हिरव्या शाईच्या नऊ ओळींवर नऊ रेघा आहेत, आणि नवव्या आठवड्याच्या खाली लिहिले आहे: ‘देणे, तास ५०’. ही वही तिने आपण होऊन आम्हांस दाखविली व तिच्याविषयी लिहिण्यास हरकत नाही असे सांगितले. पन्नासपैकी किती फिटले, हे आम्ही विचारले नाही.

आता समजा, या वहीस गुण असते. वीसपैकी वीस मिळविणारी मुलगी नवव्या आठवड्यात आपल्या हाताने त्यावर रेघ ओढील काय? ओढीलही, ही मुलगी ओढील. पण सर्व मुलांकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्यांस विनाकारण मोहात टाकणे होय. गुण आले की वही शिक्षकासाठी लिहिली जाईल, आकडे गोल होऊ लागतील, तीन तास दहा मिनिटांचे साडेतीन होतील, आजारपणाच्या दिवशीही ‘अभ्यास ३ तास’ अशी नोंद दिसेल. तपासणाऱ्यास सगळे स्वच्छ दिसेल आणि मुलास आपण कोठे आहोत हे कळावयाचे एकमेव साधन हातचे जाईल. गुण देणाऱ्या पक्षास आमचे हेच म्हणणे आहे. वही कोणास तरी दाखवावी, हे आम्हांस मान्य, किंबहुना दाखवावीच. पण ती आजीला, भावाला, बाकावरच्या सोबत्याला दाखवावी. ज्याच्या हातात लाल पेन आहे त्याला नव्हे.

आणि पोरखेळ म्हणणाऱ्या पहिल्या पक्षास आम्ही विचारू, वही नसती तर पन्नास तासांची तूट कोणास कळली असती? न मांडणारा मनुष्य कधी चुकत नाही, हे खरे; त्याला चुकण्यास काही उरतच नाही.

मोजण्यातील काही चुका तर भाषेनेच आपल्या पदरात घातलेल्या आहेत. घरी आम्ही कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. दोन्ही भाषांत सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत ‘आठ दिवस’ होतात, आणि चौदा दिवसांस ‘पंधरा दिवस’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतही तसेच म्हणतात. पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस मोजण्याची ही जुनी रीत. पाच दिवसांचा गणपती चतुर्थीला येतो आणि पाचव्या दिवशी जातो. मध्ये रात्री चारच. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचा गुड फ्रायडेपासूनचा ‘तिसरा दिवस’ रविवारी येतो, तोही याच रीतीने. सणात याने काही बिघडत नाही. पण दहा तारखेस एखादा विद्यार्थी म्हणतो, वीस तारखेस परीक्षा, दहा दिवस आहेत, धडे दहा, रोज एक. आणि अभ्यासास आरंभ करतो अकरा तारखेपासून. मग दहावा धडा परीक्षेच्या सकाळी बसमध्ये उभ्या-उभ्या वाचण्याची पाळी येते. त्याने वाईट वाटून घेऊ नये. रोमच्या धर्माधिकाऱ्यांनीही हेच केले आहे. ज्युलिअस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये नवी कालगणना सुरू केली आणि दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवावा असे ठरविले. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. मागे राहिलेल्या धर्माधिकाऱ्यांनी ‘चौथे वर्ष’ मोजताना दोन्ही टोके धरली आणि तीन-तीन वर्षांनी दिवस वाढवू लागले. छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा दिवस वाढले. ऑगस्टसने मग काही वर्षे वाढीव दिवस बंद ठेवून हिशेब जमेस आणला. साऱ्या साम्राज्याचे पंचांग होते, पण वार विचारण्यास किनाराच नव्हता.

आपल्या जपमाळेची रीत या बाबतीत फार शहाणपणाची वाटते. एकशेआठ मणी ओढावयाचे आणि धरावयाचे शंभर. वरचे आठ मोजण्यातील आणि उच्चारातील चुकांसाठी. संकल्प करणाऱ्याने आपण चुकणार हे आधीच जमेस धरावे आणि त्याची भरपाई आधीच करून ठेवावी, इतका विचार मणी ओवतानाच झालेला आहे. आता खिशातला फोन पावले मोजतो. रोजच्या १०,००० पावलांचा जो आकडा पुष्कळांच्या डोक्यात बसला आहे तो लोकांत पसरला १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावावरून. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. फोन खिशात ठेवून झोपाळ्यावर बसले तरी पावले वाढतात, असे मुले आम्हांस हसत-हसत सांगतात. यंत्राला आठ वरचे मणी नसतात.

फॉगच्या हिशेबाचा शेवट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहात नाही. २०,००० पौंड जिंकले खरे, पण प्रवासात सुमारे १९,००० खर्च झाले होते. उरलेले १,००० त्याने पासपार्तू आणि मागावर असलेला गुप्त पोलीस फिक्स यांस वाटून दिले. मात्र निघण्याच्या गडबडीत पासपार्तूच्या खोलीतील गॅसचा दिवा जळत राहिला होता. त्याचा खर्च, हिशेब तो हिशेब म्हणून, फॉगने पासपार्तूच्या वाट्यातून कापून घेतला. किती तासांचा? १,९२० तासांचा. ऐंशी गुणिले चोवीस, १,९२०. गुणाकार बिनचूक आहे. पण पासपार्तूने तो दिवा विझविला तो घरी परतल्याबरोबर, म्हणजे पैज जिंकली त्याच्या आदल्या रात्री. लंडनच्या पंचांगाने तेव्हा २ ऑक्टोबरपासून एकोणऐंशी दिवस झाले होते. एकोणऐंशी गुणिले चोवीस होतात १,८९६. बाकीच्या चोवीस तासांचे पैसे पासपार्तूला परत मिळाल्याचे कादंबरीत कोठेही लिहिलेले नाही.